अडकवणं आणि बसवणं

सासूबाईंना जिना चढता येत होता, उतरता येत नव्हता. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ एवढंच.

ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण गोष्ट सरळ होती. इमारतीच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला. वर जाताना तो उजव्या हाताला येतो आणि खाली येताना डाव्या. सासूबाईंचा डावा हात मनगटात मोडला होता. तो जुळला, प्लास्टर निघालं, पण बोटांची मूठ काही वळेना. इस्पितळातून घरी आल्या त्या दिवशी उजव्या हातानं कठडा धरून, वळणावळणावर दम खात, त्या दुसऱ्या मजल्यापर्यंत आपल्या आपण चढल्या. चव्वेचाळीस पायऱ्या. वर आल्यावर त्यांनी जावयाकडे जी नजर टाकली तिच्यापुढं त्याची इतक्या वर्षांची बढती-बिढती सगळी फिकी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बाहेरचे कपडे करून, खांद्याला पिशवी अडकवून त्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि थबकल्या. डावीकडे कठडा होता, तो धरता येईना. उजवीकडे भिंत होती, तिला धरायला काही नव्हतं. पाच मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. मग माघारी वळल्या, पिशवी खुंटीला लावली आणि खिडकीशी जाऊन बसल्या. त्याला आता सहा आठवडे होत आले होते.

त्यांना जायचं होतं तरी कुठं? कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानात. सासूबाईंनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते आणि ते दुकान आता त्यांची जुनी शिष्या चालवत होती. सासूबाई रोज तिथं जाऊन स्टुलावर बसत आणि दुपारपर्यंत तिच्या कामातल्या चुका काढत. शिष्येला याचा जाच होत असणार, अशी सगळ्या घराची समजूत होती. पण चौथ्या आठवड्यात ती बाई स्वतः जिना चढून आली आणि म्हणाली, "बाई, कॉलर हवी तशी येत नाहीये. तुम्ही कधी येताय?" सासूबाईंनी खिडकीबाहेर बघत "येईन" म्हटलं. त्या कधी नव्हे ते एकाच शब्दात बोलल्या.

हाताला धरून खाली नेतो, असं लेकीनं सांगून पाहिलं, जावयानं सांगून पाहिलं. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "मला कुणी धरायचं नाही. मला धरायला काहीतरी द्या." डॉक्टरांनीही बजावलं होतं की आणखी महिनाभर जिना उतरल्या नाहीत, तर पुढं उतरायचं धाडसच करणार नाहीत. तेव्हा भिंतीच्या बाजूनं एक रेलिंग बसवायचं, एवढाच काय तो प्रश्न होता. चार दांडे, थोडे बोल्ट, एका सुट्टीच्या दिवसाचं काम. दुसऱ्या कुठल्याही इमारतीत आणि दुसऱ्या कुठल्याही जावयाकडून ते एका सुट्टीच्या दिवसात झालंही असतं.

पण हा जावई विमा कंपनीच्या दावे विभागात होता. तडा कशाला म्हणायचं आणि भेग कशाला, गहाळ कशाला आणि चोरी कशाला, हे ठरवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. बोलणंही तसंच झालं होतं. भाजीवाल्याला ते "एक किलो टोमॅटो, म्हणजे पिकलेले, परंतु फुटलेले वगळून" असं सांगत. इमारतीतली मंडळी त्यांना पाठीमागं 'पोटकलम' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. कलमाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, पोटाबद्दल होती.

नऊ वर्षांपूर्वी पोटकलम इमारतीचे सेक्रेटरी होते. तेव्हा समोरच्या बिऱ्हाडानं जिन्यातल्या भिंतीवर चपलांची मांडणी ठोकली. त्यावरून जो काही वाद झाला तो झाला, पण पोटकलमांनी त्या वादाचं चीज केलं. अकरा दिवस खपून त्यांनी एक नियम तयार केला. तो आजही तळमजल्यावर पत्रपेट्यांच्या वर काचेत आहे:

'सामाईक भिंतीवर रहिवाशांना वस्तू अडकवता येतील; बसवता येणार नाहीत. बसवण्यास वार्षिक सभेची मंजुरी लागेल. स्पष्टीकरण: जी वस्तू सज्ञान रहिवाशाने, कोणतेही अवजार न वापरता, एका हाताने ओढली असता निघते ती अडकवलेली समजावी. जी निघत नाही ती बसवलेली समजावी.'

नियम लिहून झाला त्या संध्याकाळी त्यांनी तो बायकोला दोनदा वाचून दाखवला. बायको म्हणाली, "चहा गार होतोय." मग पोटकलमांनी सगळ्यांसमक्ष ती मांडणी एका हातानं ओढली. निघाली नाही. म्हणजे बसवलेली. म्हणजे काढा. समोरच्यांनी ती काढली.

आता सेक्रेटरी समोरचे होते.

पोटकलम अर्ज घेऊन गेले तेव्हा समोरचे टेबलापाशी बसून शिक्क्याची शाई पुसत होते. अर्ज त्यांनी सावकाश वाचला, उलटून कोरी बाजूही वाचली.

"रेलिंग. छान कल्पना आहे. अडकवणार की बसवणार?"

"बसवणार. रेलिंग आहे ते."

"मग वार्षिक सभा. सात महिने आहेत."

"अहो, आई ऐंशीच्या घरात आहेत!"

"सभेत हा मुद्दा जरूर मांडा," समोरचे म्हणाले. मग चष्मा काढून, डोळे मिटून त्यांनी अख्खा नियम स्पष्टीकरणासकट म्हणून दाखवला. "काय लिहिलाय हो! नऊ वर्षं बघतोय मी, कुठून एक शब्द हलवता येईल का. नाही हलत."

पोटकलमांना क्षणभर बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचं दार ओलांडेपर्यंत फार वाईट वाटलं.

"तुम्हीच लिहिलाय ना? मग तुम्हीच खोडा," बायको म्हणाली.

"असा खोडता येत नाही. दुरुस्तीलाही वार्षिक सभाच लागते. पोटकलम तीन."

"ते कुणी लिहिलं?"

पोटकलमांनी वर्तमानपत्र उघडलं. पण ते सहजासहजी हार मानणारे नव्हते. दावे विभागात एका छत्रीवर चार वर्षं झगडलेला माणूस आहे हा. बसवता येत नाही? ठीक. अडकवू. नियमात राहून, नियमाच्या नाकावर टिच्चून अडकवू, असं त्यांनी वर्तमानपत्राच्या मागं बसून ठरवलं आणि बायकोला ते वर्तमानपत्राच्या वरून सांगितलं.

बातमी इमारतभर पसरायला अर्धा तास लागला, आणि सल्ले यायला त्याहून कमी. तळमजल्यावरचे प्राध्यापक भौतिकशास्त्राचे. त्यांनी पेन्सिलीनं आकृती काढून सिद्ध केलं की रेलिंगची गरजच नाही. सासूबाईंनी फक्त वरच्या दिशेला तोंड करून उलटं उतरावं, म्हणजे आहे तोच कठडा उजव्या हाताला येतो. आकृती अचूक होती. पोटकलमांनी ती सासूबाईंना दाखवली.

"त्यांना म्हणावं, तुम्ही उद्यापासून कॉलेजात पाठमोरे शिरा," सासूबाई म्हणाल्या. "जमलं तर मला कळवा."

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा सल्ला दोराचा होता. जिन्याच्या प्रत्येक वळणावर खिडकी आहे, खिडकीला गज आहेत. गजापासून गजापर्यंत दोर ताणला की झालं. भिंतीला भोक नाही, बोल्ट नाही. पोटकलमांना हे पटलं. त्यांनी जाड नायलॉनचा दोर आणला आणि रविवारची सकाळ एका विशिष्ट गाठीच्या सरावात घालवली. ही गाठ एका हातानं शेवट ओढला की चटकन सुटली पाहिजे. नाही सुटली तर दोर 'बसवलेला' ठरायचा धोका.

"जी गाठ ओढली की सुटते, ती तुम्ही आईच्या हातात देणार?" बायकोनं विचारलं.

"आई ओढणार नाहीत. आई धरणार आहेत. ओढणं आणि धरणं यात फरक—"

"तुम्हाला ऐकू येतंय का, आपण काय बोलतोय ते?"

फरक सासूबाईंपर्यंत पोचायची वेळच आली नाही. सोमवारी सकाळी पोटकलम त्यांना बोलवायला म्हणून जिन्यात आले, तो दोरावर चार ओल्या चादरी वाळत. वहिनींना दोराची कल्पना का सुचली होती, त्याचा आता उलगडा झाला. ते वहिनींना हाक मारणार, इतक्यात खालून समोरचे वर येऊ लागले. डोक्याला लागू नये म्हणून त्यांनी एक चादर हातानं जरा बाजूला सारली. गाठ मात्र पोटकलमांनी मेहनतीनं शिकलेली होती. ती चटकन सुटली. दोर, चादरी आणि चिमटे मिळून समोरच्यांवर उतरले. एक क्षण जिन्यात नुसता चादरीचा ढीग उभा होता. मग त्यातून शांत आवाज आला.

"अडकवलेलं आहे. मान्य."

दोर गेला. पोटकलम हार्डवेअरच्या दुकानात गेले. तिथं रबरी वाट्यांची हँडलं मिळतात, भिंतीवर दाबली की हवा निघून जाते आणि चिकटून राहतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"एक नंबर वस्तू," दुकानदार म्हणाला. "तुम्ही लोंबकळलात तरी निघायची नाही."

"मग नको."

"आं?"

"लोंबकळल्यावर निघायला नको. पण एका हातानं ओढल्यावर निघायला हवी."

"तुम्हाला घट्ट हवंय का सैल?"

"वापरताना घट्ट. तपासताना सैल."

दुकानदारानं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि मग मागच्या गिऱ्हाइकाला पुढं बोलावलं. तरीही पोटकलम हटले नाहीत. आठ हँडलं घेऊन आले, भिंत ओल्या फडक्यानं पुसली, पहिल्या अकरा पायऱ्यांच्या कडेनं आठही दाबून लावली. अर्ज केला. समोरचे वही, पट्टी आणि पेन घेऊन आले. सासूबाई या वेळी खिडकी सोडून दारापर्यंत आल्या, चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. उजवा हात त्यांनी आधीच पुसून कोरडा करून ठेवला होता. ते पाहून पोटकलमांचा हुरूप वाढला.

"मी स्वतः ओढून दाखवतो," ते म्हणाले, आणि पहिलं हँडल त्यांनी एका हातानं ओढलं.

हँडल निघालं. हँडलाबरोबर रंग निघाला, रंगाबरोबर गिलावा निघाला, आणि ताटाएवढ्या जागेत मागच्या विटा दिसू लागल्या. त्या धक्क्यानं उरलेली सात हँडलं एकेक करून आपोआप गळाली आणि पायऱ्यांवरून उड्या मारत तळमजल्यापर्यंत गेली. त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. समोरच्यांनी पट्टी लावून भोकाचं माप घेतलं आणि वहीत लिहिलं. लिहिताना ते मोठ्यानं म्हणत होते, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "वस्तू अडकवलेली आढळली. भिंत बसवलेली होती, तीही निघाली. दुरुस्ती अर्जदाराकडे."

पोटकलमांचे कपडे, चष्मा आणि मिशा सगळं पांढरं झालं होतं. सासूबाई आत जाऊन खिडकीशी बसल्या.

संध्याकाळी अंघोळ करून पोटकलम बाहेर आले. हॉलमध्ये दिवा लावलेला नव्हता. सासूबाई अजून तिथंच होत्या. ते निमूटपणे आत जायला वळले.

"जावईबापू, बसा."

ते बसले.

"कच्चा टाका कशाला घालतात, ठाऊक आहे?"

"कापड हलू नये म्हणून?"

"मापापुरता घालतात. गिऱ्हाइकानं अंगात घालायचं, आरशापर्यंत जायचं, परत यायचं. मग तो उसवून आपण पक्की शिलाई मारतो. कच्च्या टाक्यावर रस्त्यात पाठवलं तर चारचौघांत बाही निघून गिऱ्हाइकाच्या हातात येईल. चाळीस वर्षांत एक कपडा मी तसा दिला नाही." त्यांनी न वळणारा डावा हात मांडीवर घेतला. "तुम्ही दोन आठवडे नुसते कच्चे टाके घालताय. मेहनत आहे तुमची, नाही असं नाही. पण पक्कं काही शिवायचंच नाही, असं ठरवूनच बसलाय तुम्ही."

"आई, नियम आहे."

"असेल. मी आपलं माझं सांगते. मला भीती वाटते." हे त्या इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की पोटकलमांना आधी कळलंच नाही. "पडायची नाही. पडले की उठेन, नाहीतर नाही उठणार. या खिडकीची सवय होईल, याची भीती वाटते. परवा दहा वाजून गेले आणि माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही."

पोटकलमांना एकदम लाज वाटली. अडकवणं कशाला म्हणतात आणि बसवणं कशाला, याचा त्यांच्याइतका विचार जगात कुणी केला नसेल. पण या दोन्हींतलं सासूबाईंना काय हवंय, हे त्या पहिल्या दिवसापासून सांगत होत्या आणि ते त्यांनी ऐकून घेतलं नव्हतं. इतक्या वर्षांत किती माणसं त्यांच्या टेबलापलीकडे बसून अशीच काहीतरी सांगून गेली असतील, असंही त्यांच्या मनात आलं. तो विचार फार लांब जायला लागला, तेव्हा ते उठले, दिवा लावला आणि कागद घेतला.

'महोदय, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी सामाईक भिंतीवर, दुसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत, रेलिंग बसवणार आहे. अडकवणार नाही. बसवणार आहे. मंजुरी मागत नाही. कळावे.'

सही केली आणि पत्र हातोहात समोर नेऊन दिलं. समोरच्यांनी ते वाचलं.

"हे नियमाविरुद्ध आहे."

"सरळसरळ," पोटकलम म्हणाले. "कुठल्याही अर्थानं घ्या."

"रविवारी पाच वाजता तपासणी होईल. बसवलेलं आढळलं तर सोमवारी काढलं जाईल."

"तपासा."

परत येताना त्यांची छाती इतकी फुगली होती की त्या नादात ते वरच्या मजल्यावर गेले, आणि वहिनींची घंटा वाजवून त्यांच्याशी उगाच दोन मिनिटं हवापाण्यावर बोलून खाली आले.

रविवारी वेल्डर आला. कामाला पक्का आणि बोलायला तुटक माणूस. त्यानं भिंत बोटानं वाजवून बघितली, विटांचा भाग कुठं आणि काँक्रीट कुठं ते खडूनं आखलं, आणि विचारलं, "बोल्ट किती मारू?"

"जितके बसतील तितके."

"पुढं कधी काढायचं झालं तर जरा जड जाईल."

"काढायचं नाही."

वेल्डरनं प्रथमच त्यांच्याकडे आदरानं पाहिलं. ड्रिल सुरू झालं. इमारतीतली कपाटं थरथरली, प्राध्यापक आकृती घेऊन वर आले आणि आवाज ऐकून परत गेले. दुपारी चारपर्यंत चारही दांडे भिंतीला लागले. आता वेल्डरची स्वतःची एक पद्धत होती. कुठलंही रेलिंग लावून झालं की तो त्याला दोन्ही हातांनी धरून पाय वर घेत असे आणि मनातल्या मनात वीस आकडे मोजत असे. तसं त्यानं केलं. मग हात झटकत म्हणाला, "आता तुम्ही."

"मी?"

"माझं वजन काय, काहीच नाही. तुमचं घ्या, म्हणजे खात्री."

पोटकलमांनी आजूबाजूला पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं. त्यांनी दांडा धरला आणि पाय वर उचलले. पोटामुळं जरा भिंतीपासून दूर राहावं लागलं, पण दांडा हलला नाही. तेरापर्यंत मोजून झालं आणि समोरचं दार उघडलं. समोरचे वर्तमानपत्राची रद्दी घेऊन बाहेर आले, आणि गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला लटकलेल्या पोटकलमांकडे पाहत उभे राहिले.

"सतरा," वेल्डर म्हणाला. "अठरा. पाय टेकू नका."

पोटकलमांनी वीस पूर्ण केले. मग पाय टेकले, सदरा खाली ओढला आणि "नमस्कार" म्हणाले. समोरच्यांनी मान हलवली आणि रद्दीसकट दार लावून घेतलं.

पाच वाजता समोरचे वही घेऊन हजर झाले. साक्षीला प्राध्यापक आणि वहिनी होत्या. पोटकलमांनी खिशात एक निवेदन तयार ठेवलं होतं. आपला नियम आपण जाणूनबुजून मोडलेला आहे, दांडा सोमवारी काढायचा असेल तर आधी आपल्याला त्यावरून सोडवावं लागेल, आणि लटकायचा सराव आपण केलेला आहे, असं त्यात होतं. बायकोनं ते वाचून फक्त त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली होती. एरवी ती हे फक्त लग्नाकार्याला करते.

समोरच्यांनी उजवा हात दांड्यावर ठेवला आणि ओढला. दांडा हलला नाही. पाय रोवून पुन्हा ओढला. कपाळावर शीर दिसू लागली. दांडा तिथंच.

"डाव्यानंही बघा," पोटकलम म्हणाले. त्यांना राहवलंच नाही. "कोणत्या हातानं ते लिहिलेलं नाही."

समोरच्यांनी डाव्या हातानंही ओढला. नाही निघाला. त्यांनी हात तसाच ठेवून वहीकडे मान वळवली, आणि तेवढ्यात दारातून सासूबाई आल्या. बाहेरचे कपडे, खांद्याला पिशवी.

"तुमचं ओढून झालं असेल तर जरा सरका," त्या म्हणाल्या. "दुकान सातला बंद होतं."

लेक पुढं झाली. सासूबाईंनी नुसतं तिच्याकडे पाहिलं, तशी ती मागं सरकली. त्यांनी उजवा हात दांड्यावर ठेवला, एकदा मिटून-उघडून बघितला आणि पुन्हा धरला. पाऊल पुढं काढलं. ते हवेत जरा जास्तच वेळ राहिलं.  मग पाऊल पायरीवर टेकलं. त्यामागून दुसरं आलं.

समोरच्यांचा हात अजून वरच्या टोकाला दांड्यावरच होता. तो काढायचं त्यांना सुचलं नसावं. प्रत्येक पायरीला सासूबाईंचं वजन त्या दांड्यावर पडत होतं आणि त्यांना ते हाताला जाणवत असणार, कारण ते खाली बघत नव्हते, आपल्या हाताकडेच बघत होते. सासूबाई वळणापर्यंत गेल्या. तिथं थांबल्या, दम घेतला, पुढचा दांडा धरला. मग दिसेनाशा झाल्या आणि नुसती चप्पल ऐकू येत राहिली. एक पायरी, थांबणं, एक पायरी.  मध्येच खालून आवाज आला, "इथं टोकाला धार राहिलीय हो, घासून घ्यायला सांगा त्याला!" आणि पुन्हा चप्पल. मग खालच्या फरशीवर ती वेगळी वाजली, आणि फाटकाची कडी निघाली.

लेक तिथंच पायरीवर बसून पदरानं डोळे पुसू लागली. वहिनी छताकडे बघत होत्या. प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता तो त्यांचा पुसून होईना.

समोरच्यांनी दांड्यावरचा हात काढला, वही भिंतीला टेकवली आणि लिहिलं. या वेळी ते मोठ्यानं म्हणाले नाहीत. लिहून झाल्यावर त्यांनी वही पोटकलमांपुढं धरली.

'वस्तू एका हाताने ओढली. निघाली. पुन्हा जागेवर अडकवली. नियमानुसार योग्य.'

खाली दोन सह्यांच्या जागा होत्या. एकीवर समोरच्यांची सही झालेली होती.

पोटकलमांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. तीस वर्षांत खोट्या ओळीखाली त्यांनी कधी सही केली नव्हती; केली असती तर कितीतरी लोकांचं भलं झालं असतं, पण केली नव्हती.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

"हो," समोरचे म्हणाले. "करा सही."

पोटकलमांनी खिशातून पेन काढलं. 'अडकवली'च्या पुढचा पूर्णविराम पुसट उमटला होता, तो आधी ठळक केला. मग पूर्ण नावानं सही केली, तारीख घातली, वेळ घातली. आणि सहीखाली, दावे विभागात दुसऱ्यांकडून जन्मभर लिहून घेतलेले शब्द स्वतःच्या हातानं लिहिले: 'वाचून, समजून.'